इको चुकवू नकोस

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, "दुखणं डोळ्याचं, मग हृदयाचा इको कशाला? एवढं रक्त कशाला काढतात?" तुझा आवाज ऐकून मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी तुझ्या मनातलं. एका डोळ्यानं दिसत नाही हे लेकीनं चार दिवस सांगितलं नाही, हे तू स्वतःला लावून घेतलं आहेस. अरे, मुलं सांगतच नाहीत. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दुसऱ्या डोळ्यावर सगळं निभावतं. चांगला डोळा झाकला गेला की मगच कळतं. आणि तिच्यासारखी डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी पूर्ण बंद झाली की पडद्याचं नुकसान काही तासांतच कायमचं होतं. तिला त्याच संध्याकाळी नेलं असतंस तरी नजर परत आणेल असा खात्रीचा उपाय आज आम्हा नेत्रतज्ज्ञांकडे नाही. माझ्यासाठी तरी हा अपराधीपणा सोड.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. उतारवयात ही धमनी बंद झाली तर मानेच्या रक्तवाहिनीतली चरबी, रक्तदाब, मधुमेह हे नेहमीचे संशयित. नऊ वर्षांच्या पोरीत ते बहुधा नसतात, म्हणून शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. हृदयाच्या झडपेवरची रक्ताची गुठळी किंवा हृदयातल्या गाठीचा तुकडा सुटून डोळ्यात अडकू शकतो. तो पुढच्या वेळी मेंदूत जाऊ नये, यासाठी ही सगळी धावपळ. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), रक्त गोठू न देणाऱ्या प्रोटीन सी किंवा एसची कमतरता, हे रक्तातून कळतं. गुठळ्यांचा धोका वाढवणारं होमोसिस्टीन हे रक्तातलं द्रव्य वाढलेलं निघालं तर त्यावर उपचार आहेत. काही मुलांना तर बी-६ जीवनसत्त्वानंही चांगला फरक पडतो. गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची अँटिफॉस्फोलिपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, तेव्हा पहिल्याच कागदावर घाबरून जाऊ नकोस. कधी सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि कारण सापडतच नाही. तरीही डोळ्याच्या तपासण्या बंद करायच्या नाहीत, कारण पुढच्या काही आठवड्यांत नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार होऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो.

चांगल्या डोळ्यासाठी सहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा आजच करायला टाक. नंबर नसला तरी.

आणि वहिनींना एक विचार: माहेरी कुणाला तरुणपणी पक्षाघात, पायात गुठळी, वारंवार गर्भपात असं काही झालं होतं का? तुझ्या घरीही विचार. लिहून ठेव, इकोच्या दिवशी मी येतोच आहे.

तुझाच