समोरच्या तालमीच्या पोरांना

२०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा महापूर. पंचगंगेचं पाणी रात्रीत शुक्रवार पेठेत आमच्या दारात आलं, सकाळी पायऱ्या दिसेनात. लाईट गेलेली, नळाला पाणी नाही, शिरोलीजवळ हायवे बंद. आईला चालता येत नाही, त्यात तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये.

मदतीला आलेल्या पोरांच्या अंगावर ज्या तालमीचे टी-शर्ट होते, तिच्या फुटबॉल टीमविरुद्ध शाहू स्टेडियमवर आम्ही घसा बसेस्तोवर ओरडतो. (ते आमच्या टीमला काय काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.) त्यांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. "आज्जी, भिऊ नगा, घट्ट धरा," एकजण सारखा म्हणत होता. भिंतीवरचा आमच्या टीमचा फोटो बघून दुसरा म्हणाला, "ह्यो पण घ्यायचा व्हय?" आणि खरंच घेतला, डोक्यावर धरून!

मग इन्सुलिन. मॅचला दुखापतीसाठी नेतात तो बर्फाचा डबा त्यांनी आणला, कुप्या टॉवेलात गुंडाळल्या, बर्फ थेट लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला. आम्ही नातेवाइकांकडे होतो तोवर एकजण रोज येऊन बर्फ बदलून जायचा. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र हक्कानं मागून प्यायला.

नावं कुणी सांगितली नाहीत. पोरांनो, मनापासून आभार. आई अजून तुमची चौकशी करते. सीझनला स्टेडियमवर भेटूच. ओरडणार मात्र आमच्याच टीमसाठी.