विषय: जिप्सीच्या दोन इंची लिफ्ट किटमधील चुकीची मापे आणि धोकादायक सूचनापत्रक

प्रति,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

महोदय,

मारुती जिप्सी किंगसाठी तुमच्याकडून घेतलेले, गाडी दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट 'घरच्या घरी बसवता येईल असे' म्हणून विकले जाते. किटमध्ये कमानपाट्यांचे चार संच, लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी), पाटे एक्सलला आवळणारे आठ यू-बोल्ट, चार शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) आणि एक पानी सूचनापत्रक आहे. बिल, फोटो व मापांचा तक्ता सोबत जोडला आहे. पाट्यांच्या पोलादाबद्दल तक्रार नाही. कमान चारही संचांत सारखी आहे आणि गाडी सरळ उभी राहते. तक्रार बाकीच्या सामानाची आहे, आणि त्याहून जास्त त्या कागदाची.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची. तुमचे शॉकअप मूळ शॉकअपपेक्षा लांब उघडतात, म्हणजे चाक हवेत गेले की एक्सल पूर्वीपेक्षा खाली लटकतो. ब्रेकचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक रबरी नळ्या) मात्र किटमध्ये नाहीत, ते वेगळे घ्या असेही कुठे लिहिलेले नाही. चॅसी स्टँडवर ठेवून, पुढचे शॉकअप सोडून एक्सल हळूहळू खाली आणला आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले, तेव्हा होज ताठ झाला. त्या क्षणी शॉकअपची 22 मिमी चाल अजून शिल्लक होती. याचा अर्थ खड्ड्यात किंवा ओढ्यात चाक लटकले की एक्सलला अडवणारी वस्तू शॉकअप नसून ब्रेकचा होज असेल. त्याचे तोंड फिटिंगपाशी सुटले किंवा रबर आतून चिरले, तर त्या सर्किटचा ब्रेक गेला. मागच्या होजचीही हीच चाचणी करायला हवी. हँडब्रेकची केबल आणि एक्सलची ब्रीदर (हवा सोडणारी) नळीही त्याच वेळी पाहावी लागते. या चाचणीचा सूचनापत्रकात उल्लेखच नाही.

शॉकअप मिटतानाही अडचण आहे. बंपस्टॉप (एक्सलला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) टेकतो तेव्हा मागच्या शॉकअपच्या दोन माउंटिंगमधले अंतर 318 मिमी भरते. तुमचा शॉकअप पूर्ण मिटल्यावर 331 मिमी. म्हणजे बंपस्टॉपला टेकण्याआधीच शॉकअप 13 मिमी आधी आपटतो, आणि गाडीचा सगळा भार त्याच्या दांड्यावर व माउंटिंगवर येतो. सील गळणे, माउंटिंगचा खिळा वाकणे ही याची ठरलेली परिणती. उपाय दोनच: शॉकअपची मिटलेली लांबी 318 पेक्षा किमान 12 मिमी कमी हवी, नाहीतर त्या हिशेबाने बंपस्टॉप खाली आणणारा ठोकळा किटमध्ये हवा.

यू-बोल्टचे पाय आखूड आहेत. जाड संचामुळे नट पूर्ण बसल्यावर बाहेर एक आटाही राहत नाही. तीन तरी दिसायला हवेत. जुने यू-बोल्ट वापरा असे सांगू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. संचातले पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोकेही एक्सलच्या बैठकीतल्या भोकापेक्षा दीड मिमी लहान आहे. त्या फटीत एक्सल पुढेमागे सरकतो, पुढचा व मागचा एक्सल एकमेकांना समांतर राहत नाहीत, आणि हे अलाइनमेंट करूनही सुटत नाही.

पुढच्या शॅकलबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण ही चूक आराखड्यातली आहे. 50 मिमी उंचीपैकी 40 मिमी कमानीतून आणि 10 मिमी शॅकलमधून मिळते. एक्सल पाट्याच्या मध्याशी असल्याने 10 मिमीसाठी शॅकल 20 मिमी लांब करावी लागते, इथवर हिशेब बरोबर. पण जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. ते टोक खाली गेले की एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचा मागे असलेला कल) घटतो. किंगपिनपाशी मोजलेली घट सव्वा अंशाच्या आसपास आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. पाटा एक्सलखाली असल्याने, जाड बाजू पुढे ठेवलेली लहान पाचर दिली तर कॅस्टर परत येतो. मात्र तेवढाच पिनिअन (एक्सलचा प्रोपेलर शाफ्टला जोडलेला भाग) खाली कलतो, म्हणून मोठी पाचर चालणार नाही. त्याहून बरे म्हणजे पुढे मूळ लांबीचाच शॅकल द्या आणि ती उंची कमानीत घ्या.

आता कागद. पहिल्याच चित्रात गाडी नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर आहे, स्टँड नाही; ते पाहून कोणी गाडीखाली सरकला तर काय होईल याचा विचार व्हायला हवा होता. पायरी 7 म्हणते, 'चाके लटकत असतानाच सर्व बोल्ट पूर्ण आवळा.' हे चूक आहे. पाट्यांच्या टोकाच्या कड्यांत (डोळ्यांत) बसणारे तुमचे रबर बुश आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटवलेले आहेत. लटकत्या स्थितीत आवळले की गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्याच्या डोळ्याचे व शॅकलचे बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच पूर्ण आवळायचे असतात. टॉर्कचा एकही आकडा दिलेला नाही. यू-बोल्ट पहिल्या 100 किमीनंतर आणि पुन्हा 500 किमीला तपासावेत, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणावे, हेडलाइट खाली घ्यावेत, यातले काहीही नाही. खोक्यावर 'आरटीओ मान्य' छापले आहे, त्याचे प्रमाणपत्र मात्र आत नाही.

माझी मागणी अशी: योग्य मापाचे चार शॉकअप, आठ यू-बोल्ट व चार सेंटर बोल्ट, चाचणीत ताठ न होणारे लांब ब्रेक होज आणि पुढचे मूळ लांबीचे शॅकल किंवा पाचरी 15 दिवसांत विनाशुल्क पाठवाव्यात, ते शक्य नसेल तर किट स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. हे किट ज्यांनी ज्यांनी घेतले आहे, त्या सर्वांना होजबद्दलचा इशारा आणि सुधारित सूचनापत्रक लगेच पाठवावे. ही मागणी परताव्यानेही मिटणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना वा इशारा न देणे हेही उत्पादकाच्या दायित्वात मोडते. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मापांचा तक्ता, होज व यू-बोल्टचे फोटो, पायरी 7 वर खूण केलेले सूचनापत्रक