चिऊच्या प्रवेशाबद्दल

वारजे, पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर विषय वाढला की बाबांचं बीपी वाढतं, म्हणून लिहितोय. चिऊचा पहिलीचा प्रवेश झाला. शाळा घरापासून चालत जाण्यासारखी, डबा घरचाच, पोळी-भाजी नीट खाते. अर्जात धर्मापुढे 'निरंक' लिहिलं आणि जातीच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. काकाने ही बातमी माझ्याआधी पोचवली. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

बाबा, माझी जात पडताळणीची फाईल तुम्ही कशी जमवलीत ते मी विसरलेलो नाही. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, म्हणून आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायला रजा टाकून हिंडलात. पानाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या आणि आजोबांचं नाव नेमकं घडीवर. गुरुजींनी खाली पोस्टकार्ड सरकवून ते पान उचललं होतं. त्या जात वैधता प्रमाणपत्रावर मला इंजिनिअरिंगची सीट मिळाली, पुढे नोकरी, हा फ्लॅट. यातलं काही मी नाकारत नाही. फाईल कपाटात आहे, पिशवीला तुम्ही मारलेल्या गाठीसकट.

"आपण म्हणू ते आपण, असं कुठे असतं का?" असं म्हणून तुम्ही तो नेदरलँड्सचा एमिल राटेलबान्ड काढलात. वय ६९, म्हणे कागदावर ४९ करून द्या. २०१८ मध्ये तिथल्या कोर्टाने नाही म्हटलं, आणि बरोबरच केलं. वीस वर्षांनी तरुण वाटतंय तर खुशाल तसे वागा, पण मतदान, शाळा असे हक्क आणि कर्तव्यं वयावर ठरतात, असं त्याला सांगितलं. जातीचंही मी तसंच धरतो. उद्या कुणी उठून 'मी अमक्या जातीचा' म्हणाला तर चालणार नाही, कारण तो दुसऱ्याच्या वाट्यातलं मागतोय. मागासवर्गीयाशी लग्न केलं म्हणून आरक्षण मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय. मागणाऱ्याला पुरावा विचारावाच. आम्ही तर रांगेतून बाजूला होतोय, त्याला कसला पुरावा? धर्माचं म्हणाल तर २०१४ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाप्रमाणे तो सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि 'मला धर्म नाही' असंही म्हणता येतं.

जातीचं इतकं सरळ नाही, कबूल. आपण कितीही रेघा ओढल्या तरी आडनाव ऐकून ओळखणारे ओळखतातच. भाड्याचं घर शोधताना ते चांगलंच कळलं होतं.

पण चिऊचा हक्क मी बुडवलेला नाही. जात जन्माने ठरते ना, मग ती कोऱ्या रकान्याने जाणारही नाही. मोठी झाल्यावर तिला दाखला हवासा वाटला तर बापाची वैधता आहे. पळापळ जास्त होईल, ती मी करीन. यात तुम्हाला माझा सोयिस्करपणा दिसेल. असेलही. तिचं तिने ठरवावं एवढंच मला हवंय.

आई, देव्हारा जागेवर आहे, तू दिलेली समई रोज लागते. जेजुरीला आम्ही येणारच, तळी भरायची आहे. देवाच्या दारात अर्ज भरावा लागत नाही. बाबा, पायऱ्या चढून दमलो की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि मी तुमच्या टोपीत तोंड खुपसायचो. टोपीला दिवसभर भंडाऱ्याचा वास यायचा. आता चिऊ माझ्या केसांत भंडारा चोळते.

बरं, आता ऐका. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून टाळायची नाही. आई, तू पहाटे बंब पेटवायला वाकू नकोस, गिझर काय शोभेला बसवलाय? भावकीत कुणी काही बोललं तर तुम्ही तोंड द्यायचं नाही, सरळ माझा नंबर द्या. रविवारी येतोय. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख घेऊनच परत फिरेन. 'पावसाळा संपू दे, मग बघू' हे या खेपेला चालणार नाही.

तुमचा,
बाळू