गोव्यातल्या कुंडईच्या वर्कशॉपमधून ताईंना

आदरणीय ताई,

तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पणत्यांचं चित्र फॉरवर्ड करून तुमचे आभार मानणं मनाला पटेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याआधी खर्च कसा उतरवायचा हे सांगायला एक मोठे सल्लागार येऊन गेले होते. फी घेतली, पडद्यावर रंगीत आलेख दाखवले आणि सांगून मोकळे झाले: सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन) घ्या, माणसं कमी करा, खर्च आपोआप उतरेल. धातूचे नग कातणाऱ्या आमच्या लेथपाशी मिनिटभर उभेसुद्धा राहिले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही दसऱ्याला आलात. यंत्रांची पूजा नुकतीच आटोपली होती. मालक म्हणून मी पुढे झालो, पण आपट्याचं पान तुम्ही आधी आमच्या टर्नर मामांच्या हातात ठेवलंत, वाकून नमस्कार केलात आणि विचारलंत, "मामा, एक जॉब उतरवून दुसरा लावायला किती वेळ जातो?" उभं आयुष्य लेथवर गेलेल्या माणसाला बाहेरून आलेल्या कुणी असं विचारलं नव्हतं. मामांचे डोळे भरून आले, ताई. माझेही.

पुढचा सगळा हिशेब त्यांच्या उत्तरातूनच निघाला. समजा मशीनचा खर्च तासाला ५०० रुपये आणि सेटिंगला, म्हणजे नवा जॉब (घडवायचा नग) लावायला, २ तास. ते १००० रुपये ५० नगांच्या लॉटवर पडले तर नगामागे २० रुपये, १००० नगांवर पडले तर फक्त १. मजुरी कमी होते हे खरं, पण तिच्या जागी कर्जाचा हप्ता आणि घसारा (वापराने मशीनची घटणारी किंमत) येतो, आणि ऑर्डर नसली तरी तो चुकत नाही. म्हणून मोठ्या लॉटचे पितळी नग सीएनसीवर, बार्जच्या (मालवाहू नौकांच्या) दुरुस्तीचे सुटे जॉब जुन्या लेथवरच. आणि मामा? "टूल बोथट झालेलं यांना कानाने कळतं, सेटिंगवर हेच हवेत," असं तुम्ही म्हणालात. कुणाचीही नोकरी गेली नाही.

कारखान्यात शिरल्यावर तेलकट हातांच्या माणसाशी आधी बोलणारे लोक अजून आहेत. आमच्यासारखी छोटी वर्कशॉपं त्यांच्याच जोरावर तगली आहेत.

मशीन पाडव्यानंतर येतंय. मामांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, पहिल्या नगासाठी बटण ताईच दाबतील. तारीख कळवतो, नक्की या.

तुमचा ऋणी,
कुंडई औद्योगिक वसाहतीतला एक वर्कशॉपवाला