लोकवर्गणीच्या चित्रपटाचीही चोरी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रांतिकारकांवरच्या चित्रपटांच्या टेलिग्राम लिंक फिरू लागतात. यंदा त्यात ‘वीर सावरकर’ही आला. खाली मजकूर : ‘देशकार्य आहे, पुढे पाठवा.’ ते वाचून राहवले नाही.

हा चित्रपट संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांनी लोकवर्गणीतून उभा केला. त्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन मी डोंबिवलीतले जिने चढलो आहे. कुणी अकरा रुपये देई, कुणी एक्कावन्न. चाळीतल्या एका आजींनी पेन्शनच्या पाकिटातून नोट काढून दिली आणि पावती देव्हाऱ्यात ठेवली. चित्रपट पुरा व्हायला वर्षानुवर्षे लागली. नोव्हेंबर 2001 मध्ये तो लागला तेव्हा बाबूजी ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच जुलैत ते गेले.

आणि लिंकवर काय आहे? चित्र धुरकट, आवाज मागे-पुढे, श्रेयनामावली छाटलेली आणि पडद्याच्या कोपऱ्यात अथपासून इतिपर्यंत सट्ट्याच्या अ‍ॅपची जाहिरात. आजींच्या नोटेवर सट्टेवाल्यांनी दुकान थाटले आहे, आणि आपण त्याला देशकार्य म्हणतो!

‘जुना चित्रपट, कुणाचे काय जाते?’ असे मला सुनावण्यात आले. चित्रपटाचा स्वामित्वहक्क 60 वर्षे असतो, हे एक. दुसरे म्हणजे, उद्या कुणी अनंत कान्हेरे किंवा उमाजी नाईकांवर चित्रपट काढायचे म्हटले, तर पैसा घालणारा आधी हेच विचारणार की तो परत कसा येईल. अशा चित्रपटांना थिएटरात खेळ मुळातच कमी मिळतात. उरलेली कमाईही चोरांनी पळवली तर तो कशाला पुढे येईल?

सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. चोरट्या चित्रपटांसाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. सेन्सॉर बोर्डात आणि माहिती-प्रसारण मंत्रालयात तक्रारीसाठी अधिकारीही नेमले आहेत. पण हे आमच्या ग्रुपवर एकालाही ठाऊक नव्हते.

माझी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. ऑगस्ट आणि जानेवारीत असे चित्रपट अधिकृतपणे कुठे पाहता येतात आणि तक्रार कुठे करायची, याची चौकट छापावी. निर्मात्यांनीही शाळा आणि मंडळांना एका खेळाची परवानगी कुणाकडून, किती रुपयांत मिळेल ते जाहीर करावे. आमची सोसायटी वर्गणी काढून ते पैसे भरील. पावतीपुस्तक घेऊन फिरायला मी अजून तयार आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)