आमच्या भुऱ्याला उभं केल्याबद्दल, डॉक्टर ताई

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही गावात लाळ-खुरकताची लस टोचायला आल्या होत्या. बैलांच्या कानातले बिल्ले, रजिस्टर, पुढच्या गावाची घाई. तेवढ्यात छपरीत उठायची धडपड करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे तुमचं लक्ष गेलं आणि तुम्ही पिशवी खाली ठेवली. त्या दिवशीचं ते तुमचं काम नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

भुऱ्या बारा वर्षांचा. हरभऱ्याच्या दिवसांत वावरात जागलीला आम्ही डोळा लावायचो तो त्याच्या भरवशावर. रोही आला की रानडुकरं, हे तो नुसत्या भुंकण्यातून सांगायचा. तो मागचे पाय ओढायला लागला तेव्हा जो तो म्हणे, लकवा मारला, वय झालं, आता काय करता. कोणी घरातली अंगदुखीची गोळी द्या म्हणे. ती दिली जायच्या आत तुम्ही भेटल्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा माणसाच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

तुम्ही खाली शेणाच्या सारवणावरच बसल्या. मागच्या पायाचा पंजा उलटा करून जमिनीला टेकवला आणि सोडला. भुऱ्यानं तो लगेच सरळ केला. दुसराही केला. "मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय," तुम्ही म्हणाल्या. मग नखं पाहिली. नसांचा आजार असला की पंजा घासत जातो आणि नखं वरच्या बाजूनं झिजतात. याची तर वाढून वळली होती. शेवटी मांडी हळूच मागं ताणली, तेव्हा त्यानं मान वळवून तुमच्या मनगटावर तोंड ठेवलं. दात लावला नाही. "खुब्यात दुखतं याला," तुम्ही सांगितलं, आणि त्याची पाठ थोपटत राहिल्या.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढला, त्यात खुब्यांची झीज दिसली. कूर्चा झिजली की सांधा दुखतो, दुखतो म्हणून जनावर हलत नाही, न हलल्यानं मांडीचं मांस उतरतं, आणि मांस उतरलं की सांध्यावर आणखी भार येतो. हे तुम्ही आईला समजेल अशा शब्दांत सांगितलं. रक्तातून मूत्रपिंड, यकृत आणि गोचीड तापाची खात्री करूनच औषध सुरू केलं. तेही वजनाप्रमाणे मोजून, पोटात अन्न असतानाच. उलटी झाली किंवा शी काळी दिसली की बंद करून तुम्हाला फोन. वजन उतरवायला रात्रीची पोळी कमी करा म्हणाल्या, ते आईला सगळ्यात जड गेलं.

टाईलवर आता बारदाना अंथरला आहे, पाय सरकत नाहीत. उठवताना जुना दुपट्टा पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घेतो, लघवीची जागा मोकळी ठेवून. एकदम लांब फिरवत नाही, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याचदा चालवतो. थंडीत कापसाची गादी आणि गरम कपड्याचा शेक.

तुम्ही खोटी आशा दिली नाही, याचे आभार वेगळे मानतो. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही हे स्पष्ट सांगितलं, पण "वय झालं" म्हणून मोकळ्याही झाल्या नाही. मज्जारज्जूच्या एका आजारात म्हाताऱ्या कुत्र्यांचे पाय न दुखता हळूहळू लुळे पडतात आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही, हेही सांगितलं. आणि कालपर्यंत धावणारं कुत्रं आज एकाएकी मागून बसलं तर मणक्यातली गादी सरकलेली असू शकते, तेव्हा सकाळ व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ही गोष्ट मी कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येक कास्तकाराला सांगतो.

भुऱ्या सकाळी अजून आखडतो. जागलीला नेत नाही त्याला. पण स्वतःहून उठून विहिरीच्या धुऱ्यापर्यंत जातो, वाटेत बोरीखाली बसून घेतो, आणि परत येतो. ताई, आमच्यासाठी हे फार आहे.

पुढच्या महिन्यात रक्त परत तपासायला त्याला घेऊन येतो. नखंही तेव्हाच कापून द्या, दुसऱ्या कोणाला तो पंजा धरू देत नाही. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, येताना आणतो.

तुमचे,
भुऱ्याच्या घरचे सगळे