सफरचंद राहू दे, जाम खा

विनिपेग
२४ नोव्हेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर "हिमोग्लोबिन जरा कमी आलं, बाकी सगळं ठीक" एवढं बोलून तू फोन बाबांच्या हातात दिलास. आकडा मग त्यांच्याकडून कळला. ९.४ म्हणजे "जरा" नाही गं आई. आणि त्यावर उपाय काय, तर शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून रोज एक सफरचंद, तेही जाळीची टोपी घातलेलं, स्टिकरवालं. फोनवर मी बोलायला लागले की तुझा कुकर होतो, म्हणून लिहिते आहे.

सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं, म्हणजे त्यात लोह भरपूर, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही कित्येक वर्षं तेच धरून होते. तो रंग लोहाचा नाही. फळातल्या एका एन्झाइमला हवा लागली की तसं होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं, तोच प्रकार. सफरचंदात लोह नावापुरतं आणि क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला जेमतेम ५ मिलिग्रॅम. संत्र्यात ५० च्या आसपास, पपईत ६०. आणि ठेल्यावर चार फोडी करून तिखट-मीठ लावून देतात त्या जामात २०० च्या वर! (इथल्या पुण्याच्या मैत्रिणीला जाम म्हटलं की ब्रेडवर लावायचा जॅमच आठवतो. तिच्याशी बोलताना मी पेरू म्हणते.)

क जीवनसत्त्वाचा रक्ताशी काय संबंध, हे मला इथे आल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी माझंही हिमोग्लोबिन असंच घसरलं होतं. तुला सांगितलं नाही, आता रागावू नको. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, चहा कधी पितेस? म्हटलं, जेवण झालं की लगेच, आमच्या घरची रीतच आहे. तर त्या म्हणाल्या, तिथंच गडबड आहे. डाळी, पालेभाज्यांतलं लोह शरीर आधीच थोडं शोषतं, त्यात चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतं. बरोबर क जीवनसत्त्व असलं तर उलटं होतं, त्याच घासातलं लोह जास्त अंगी लागतं. तेव्हापासून मी गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घेतली आणि चहा जेवणानंतर तास-दीड तास लांबवला. पहिला आठवडा डोकं चढलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तू काही वेगळं आणू नकोस. दुपारच्या भाजी-भाकरीबरोबर एक जाम किंवा एक संत्रं. वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळायचं ते ताटात, गॅसवर नाही. उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. आणि आजीची लोखंडी कढई माळ्यावरून काढ. तिच्यात अंबाडी काळी पडते म्हणून तू ती वर टाकलीस ना? आंबट भाजीत कढईचं लोह उतरतं, म्हणून ती काळी दिसते. दिसू दे की. शिजली की लगेच भांड्यात काढून घेत जा, म्हणजे चवही बिघडत नाही.

मागच्या अंगणातल्या मुनग्याचं (पुण्याकडचा शेवगा) काय सांगू! इथल्या दुकानात त्याच्या वाळलेल्या पानांची भुकटी डबीतून विकतात आणि लोक ती दुधात कालवून औषधासारखी पितात. आपण शेंगा तेवढ्या वरणात टाकतो आणि पाला शेजारच्यांच्या बकरीला. १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. एवढा पाला एका वेळी कोणी खात नाही हे मलाही कळतं, पण आठवड्यातून दोनदा मूगडाळ घालून भाजी कर. पाला तोडायला बाबांना मात्र झाडावर चढू देऊ नकोस. मुनग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं ते माझ्या हाताला विचार, सातवीत प्लास्टर होतं.

बाबांसाठी दोनच गोष्टी. संत्री सोलून खायची, रस काढायचा नाही. रसात चोथा जातो आणि साखर भराभर चढते. संत्रा बर्फीला फळ म्हणणं तर त्यांनी आता बंद करावं. आणि त्यांच्या हार्टसाठी म्हणून तू कोहळ्याची (पुण्याकडचा लाल भोपळा) भाजी बिनतेलाची करतेस, तसं नको. त्या पिवळ्या रंगातूनच शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, पण तो रंग अंगी लागायला थोडं तेल हवं. चमचाभर पुरे. काकांची किडनीची ट्रीटमेंट चालू आहे, त्यांना यातलं काही परस्पर सांगू नकोस. संत्री, केळी, नारळपाणी यांत पोटॅशियम असतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

इथे परवा पपई घेतली. सात डॉलर, म्हणजे चारशेच्या वर रुपये, आणि कापली तर आत दुधी भोपळा. अर्धी तिखट घालून कोशिंबीर केली, अर्धी अजून फ्रीजमध्ये माझ्याकडे बघते आहे. बाहेर उणे बारा. तुम्हाला तिकडे नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात आंबिया बहाराची संत्री ढिगानं दिसत असतील आणि तू त्यांच्यासमोरून सफरचंद घेऊन घरी येतेस!

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, जामाच्या भरवशावर तर मुळीच नाही. आणि या वयात रक्त कमी का झालं, हे त्यांना स्पष्ट विचार. कुठून थोडं थोडं जात असेल तर ते शोधावं लागतं. विचारायला लाज वाटत असेल तर बाबांना आत घेऊन जा.

दादा जानेवारीत इकडे येतो आहे. त्याच्याबरोबर एक लहान लोखंडी कढई पाठव. आजीची नको हं, ती तुलाच लागेल. बाजारातून नवीन घे आणि दोनदा तेल लावून तापवून दे, मला ते नीट जमत नाही.

तुझी,
मनू